दागिन्यांच्या डब्यात दात

१० जुलै, आषाढ पौर्णिमा

ही डायरी कृषी सेवा केंद्रवाल्यानं फुकट दिली. पुढच्या पानांवर घरखर्च लिहिते, तो कोणीही पाहावा. हे मात्र मागच्या बाजूनं, डायरी उलटी धरून लिहून राहिले.

आज वर्षावास सुरू झाला. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन, पार आश्विन पौर्णिमेपर्यंत. मंडळाच्या बाया म्हणाल्या, "संध्याताई, यंदा तुमी वाचा. तुमी मॅट्रिक हाव, अक्षर मोत्यावानी हाय." मी म्हणाले, माझा गुडघा दुखतो. त्यावर चांगुणा म्हणाली, "ताई, वाचायला गुडघा काहून लागतो?" सगळ्या हसल्या. मीही पदर तोंडाशी धरून हसले. गुडघा खरंच दुखतो, पण वाचन बसून असतं हे मला घरी आल्यावर सुचलं.

मग दरवर्षीप्रमाणे शालूबाई बसल्या वाचायला. शालूबाई आमच्या शेजारी राहतात, भिंतीला भिंत लागून. पुस्तक नाकाला लावतात, जोडाक्षर आलं की थांबतात, कधी अख्खी ओळ गिळतात. मी मनातल्या मनात त्यांच्या पुढं पुढं वाचत होते. मनातलं माझं वाचन फार सुंदर आहे, कोणी ऐकत नाही एवढीच उणीव.

१३ जुलै

रीता दोन दिवस आली होती, आज परत संभाजीनगरला गेली. तिकडं बँकेत लागलीय. जाता जाता म्हणाली, "मम्मी, तुझे दात सरळ करायचे. पैसे मी देणार."

माझ्या वरच्या दातांची हकीकत अशी आहे. समोरचे दोन एकमेकांवर चढलेत, एका सीटवर दोघी दाटीनं बसाव्यात तसे. आणि डावा सुळा एस.टी.त जागा न मिळालेल्या माणसासारखा त्यांच्या डोक्यावर उभा.

"सत्तेचाळीस वय झालं," मी म्हणाले. "ह्या वयात माणसं दात काढायला जातात, सरळ करायला न्हाई."

"माझ्या फोनमध्ये तुझा हसतानाचा एक पण फोटो न्हाई. सगळ्यात पदर."

"पदर चांगला दिसतो."

खाटेवरून आत्याबाई बोलल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, पंचफुलाबाई. "माझ्या तोंडात एक पण न्हाई. मी हसत न्हाई का?" आणि खात्रीसाठी हसून दाखवलं.

रीतानं समजावलं. तार लावायची नाही. आपल्या दातांच्या मापाचे पारदर्शक प्लॅस्टिकचे ट्रे येतात, त्याला अलाइनर म्हणतात. दर दोन आठवड्यांनी नवा ट्रे, प्रत्येक ट्रे दात थोडा थोडा ढकलतो. घातलेला कोणाला दिसत नाही. मी विचारलं, दिसत नसेल तर घालायचा कशाला? तिनं कपाळावर हात मारला.

मी "पाहू" म्हणाले. हिरड्यांतून अधूनमधून रक्त येतं, तेवढ्यासाठी दाखवायला हरकत नाही. दिसण्याचा विषय नाही. ह्या वयात कोणाला दाखवायचंय?

ह्यांना सांगितलं. हे इथं कळमनुरीच्या जनावरांच्या दवाखान्यात परिचर आहेत. बैल आदत म्हणजे दुधाच्या दातांचा आहे, चार दाती आहे की सगळे दात येऊन जुळला, हे गोठ्याच्या दारातून सांगतात. मला म्हणाले, "तुझ्या दाताला काय झालं?" सव्वीस वर्षांत ह्यांनी पाहिलेच नसतील. बोलता बोलता कणसाचे दाणे काढून वाटीत घालून माझ्यापुढं सरकवले. ही ह्यांची जुनी खोड. कणीस म्हणून हातात धरून खाऊ देणार नाहीत. पेरू आणला तर कागदासारख्या चकत्या करतात. दवाखान्याची शिस्त घरात.

२० जुलै

नांदेडला जाऊन आले. अर्ध्या तिकिटात. दवाखाना असा थंड की शाल न्यायला पाहिजे होती. तिथं परदेशी कंपनीचे अलाइनर मिळतात. फॉर्मवर वय लिहायचं होतं, मी बेचाळीस लिहिलं. सकाळी पंचशील म्हटलं, दुपारी चौथं, खोटं न बोलण्याचं शील मोडलं, आणि तेही प्लॅस्टिकपुढं.

एका मुलीनं माझा फोटो काढला. "मॅम, पदर जरा बाजूला. मॅम, स्माइल." मी ओठ मिटून केलं तेवढं. ती म्हणाली, "मॅम, दात." शेवटी उघडलं तोंड. मग तिनं पडद्यावर काहीतरी दाबलं आणि फोटोतले दात सरळ झाले. एका ओळीत, पांढरेशुभ्र.

ती बाई माझ्याकडं पाहून हसत होती. साडी माझी, कुंकवाच्या जागी असलेला वण माझा, चष्मा माझा. मी तिला कधी भेटले नाही. जरा वेळ बघतच बसले. मुलगी म्हणाली, "मॅम, आवडलं?" मी म्हणाले, "हिरड्यांसाठी आलेय मी."

किंमत ऐकल्यावर मी पाण्याचा ग्लास मागितला. येताना बसमध्ये खिडकीच्या काचेत तोंड पाहिलं. काच मळकी होती.

२२ जुलै

मिक्सर घेताना केले होते तसे कागदावर रकाने आखले. परदेशी कंपनी. फोनवर जाहिरात येते ती कंपनी, घरी येऊन माप घेतात. हिंगोलीच्या एक मॅडम. खाली लिहायचं: किंमत, ट्रे किती, मधे ट्रे बसला नाही तर नवा फुकट का विकत, शेवटी दात परत फिरू नयेत म्हणून रात्री घालायचं रिटेनर त्याच पैशात का वेगळं.

रीता फोनवर म्हणाली, "मम्मी, तू तर माझ्या बँकेपेक्षा जास्त कागद मागतेस."

शालूबाईंनी आज दोन ओळी गाळल्या. कोणाच्या लक्षात आलं नाही. मी कोणाला बोलले नाही, हे पुण्य समजावं.

२७ जुलै

घरी माप घेणाऱ्या कंपनीची मुलगी स्कूटीवर आली. हातात टॉर्चसारखं यंत्र. तोंडात घालून फिरवलं की दातांचं चित्र तिच्या लॅपटॉपवर. आत्याबाईंनी खाट जवळ ओढायला लावली.

"माझं पण घे."

"आजी, तुम्हाला दात नाहीत."

"म्हणून तर म्हणते. मला सवलत दे."

मुलगी हसून हसून बेजार झाली. गोड पोरगी. पण मी हिरड्यांचं विचारलं तर म्हणाली, "ते आमच्याकडे नसतं मॅम, ते तुम्ही बाहेर पाहून घ्या." मधे काही दुखलं खुपलं तर? "ॲपवर फोटो टाकायचा मॅम." आणि सवलत फक्त आज रात्री बारापर्यंत. मी विचार करून सांगते म्हणाले.

२९ जुलै

सवलत आज रात्री बारापर्यंत वाढली.

३१ जुलै

अजून वाढली. त्या मुलीचा सकाळी फोन आला तेव्हा मी म्हणाले, मी गावाला आहे. चौथं शील, पुन्हा. दुपारी परत फोन आला तो आत्याबाईंनी उचलला. "ती हितंच हाय की. भांडे घासून राहिली. गावाला कोण गेलं?"

३ ऑगस्ट

हिंगोलीच्या मॅडमकडं गेले. डॉ. शितल राठोड. सेनगावकडच्या एका तांड्यावरच्या, वय असेल तिशीचं. दवाखाना एका खोलीचा, पंखा आवाज करतो. मी घासाघीस करायची सगळी तयारी करून गेले होते.

त्यांनी बारीक सळईनं एकेका दाताभोवती टोचून पाहिलं, आकडे लिहून घेतले, एक्स-रे काढला. मग म्हणाल्या, "मावशी, आत्ता न्हाई करणार."

"काहून? पैसे आहेत माझ्याकडं. लेकीनं दिलेत."

"पैशाचं न्हाई. दातावर दात चढलाय, ब्रश पोचत न्हाई, तिथं घाण बसून हिरडी सुटून राहिली. अशात दात ढकलला तर सरळ होईल, पण हलायला लागेल. आधी हिरड्या साफ करू. तीन आठवड्यांनी पुन्हा पाहू. बसल्या तर ट्रे. न्हाई बसल्या तर ट्रे न्हाई."

मला राग आला. पैसे घेऊन गेलेल्या बाईला नको म्हणणारं दुकान मी पहिल्यांदा पाहिलं. मी पिशवीतून रकान्यांचा कागद काढून समोर ठेवला. म्हणाले, मग हे तरी सांगा, तिन्हीत चांगलं कोणतं?

त्यांनी कागद नीट वाचला. वरून खाली, सगळा. "मावशी, तुमी एवढं विचारलंय तेवढं शिकलेली माणसं विचारत न्हाईत. प्लॅस्टिकमध्ये फरक असतो थोडा. पण कोणता दात कधी, किती हलवायचा, हा आराखडा महत्त्वाचा. तो माझा मी करते, ट्रे लॅबमधून येतात. आन् एक रकाना राहिला तुमचा. मधे अडलं तर तोंड उघडून पाहणार कोण?"

बसमध्ये मला आमचा मिक्सर आठवला. फोनवर मागवला होता, सवलतीत. बिघडला तेव्हा कंपनीनं मला यंत्राचे फोटो पाठवायला सांगितले होते. तो आता पलंगाखाली आहे.

१० ऑगस्ट

काल पौर्णिमा होती. अष्टशील घेतलं, दुपारनंतर जेवले नाही, दिवसभर विहारात. मन एकाग्र करायचं होतं, ते त्या नांदेडच्या पडद्यावरच्या बाईकडंच जात होतं.

हिंगोलीचंच ठरवलं. रीताला कारण सांगितलं, बसभाडं कमी लागतं. ह्यांना सांगितलं, हिरड्यांसाठी. आत्याबाईंना सांगितलं, रीता ऐकत नाही. एका दातासाठी तीन कारणं झाली आणि चौथं कोणालाच सांगितलं नाही.

दातांची सफाई दोन वेळा झाली. दुखलं. हे सोबत आले होते, बाहेर बाकावर बसले होते. मॅडमला दारातूनच विचारलं, "ढिला तर न्हाई ना एकबी?" जनावराचं विचारतात तसंच.

२८ ऑगस्ट

हिरड्या बसल्या म्हणे. मॅडम म्हणाल्या, आता करू. माप आधीच घेतलं होतं. दातांवर दाताच्याच रंगाचे बारके ठिपके चिकटवले, ट्रेला पकड मिळावी म्हणून. मग पहिला ट्रे दाबून बसवला. एकूण अठरा आहेत. बावीस तास तोंडात, फक्त जेवताना आणि दात घासताना काढायचा. काढला की डबीत. रुमालात गुंडाळायचा नाही, सगळे तो कचऱ्यात टाकतात.

घरी आल्यावर बोलायला गेले तर "स"चा "श" झाला, आणि "श"चं काय झालं ते मलाही कळलं नाही. आत्याबाईंना म्हणाले, "शाखर शंपली." त्या म्हणाल्या, "ही पारशी भाषा कुठून शिकून आली?"

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "जिभेला सवय न्हाई. रोज अर्धा तास मोठ्यानं वाचा. मनात न्हाई, मोठ्यानं."

औषध बघा कसलं सांगितलं.

३० ऑगस्ट

दुपारी दार लावून वर्तमानपत्र वाचलं. बाजारभाव. सोयाबीन शेवटपर्यंत नीट आलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "हळदीचं काय म्हणली, पुन्हा वाच." हळद नीट आली, त्यात "स" नाही.

५ सप्टेंबर

बाजारभाव संपला म्हणून मंडळाच्या कपाटातली ग्रंथाची दुसरी प्रत घरी आणली. कोषाध्यक्ष मीच, किल्ली माझ्याकडंच. आता रोज दुपारी तेच पान वाचते जे शालूबाई संध्याकाळी वाचणार असतात. आत्याबाई ऐकतात. एका ठिकाणी त्यांच्या डोळ्याला पाणी आलं. म्हणाल्या, धूर गेला डोळ्यात. चूल आम्ही बंद करून दहा वर्षं झाली.

आज वाचता वाचता थांबले, दूध उतू जात होतं. तर भिंतीपलीकडून शालूबाईंचा आवाज आला, "संध्या, थांबलीस काहून? पुढं वाच की."

म्हणजे ऐकून राहिल्या! माझ्या चुका मोजत असतील. उद्यापासून हळू वाचणार.

११ सप्टेंबर

दुसरा ट्रे. पहिला काढताना आरशात पाहिलं. दात होते तिथंच. मॅडम म्हणतात, सुळा हलला. मला तर तो अजून उभाच दिसतो, फक्त दांडा एका हातानं धरून.

पौर्णिमेला अष्टशील घेतलं होतं तेव्हा एक शंका आली होती, ती लिहायची राहिली. सातवं शील: माळा, सुगंध, लेप, नटणंसजणं ह्यांपासून दूर राहायचं. त्या दिवशी बांगड्या, कानातलं काढून ठेवते. मग हा ट्रे? दिवसभर तोंडात टोचत होता आणि मनातही. एका दिवसाचं होतं म्हणून ठेवला. पण पुढच्या आठवड्यात पाच दिवसांचं शिबिर आहे, तेव्हा काय करायचं?

१९ सप्टेंबर

उद्यापासून विहारात पाच दिवसांचं उपासिका शिबिर. पाचही दिवस आठ शीलं. पांढरी साडी धुऊन ठेवली. बांगड्या, कानातलं, गळ्यातलं काढून कपाटातल्या दागिन्यांच्या डब्यात ठेवलं. खूप विचार केला. शेवटी ट्रेही काढला, त्याच्या डबीसकट दागिन्यांच्या डब्यात ठेवला आणि कुलूप लावलं. मन एकदम हलकं झालं. सत्तेचाळिसाव्या वर्षी का होईना, मोह सुटला.

२५ सप्टेंबर

शिबिर छान झालं. ध्यानात पहिल्यांदा दात आले नाहीत.

घरी आल्यावर डबा उघडला. ट्रे घातला. बसला नाही. जोर लावला. मागच्या दाढांवर बसला, पुढं तसाच वर तरंगत राहिला. बांगड्या मात्र चढल्या.

२६ सप्टेंबर

सकाळीच हिंगोली गाठली. हे सुट्टी टाकून सोबत आले, मी नको म्हणत होते. मॅडमनी ट्रे पाहिला, माझं तोंड पाहिलं.

"किती दिवस काढला होता?"

"पाच."

"हरवला होता का?"

"न्हाई. कपाटात होता. दागिन्यांच्या डब्यात."

त्यांनी सळई खाली ठेवली. "दागिन्यांच्या?"

मी सातवं शील समजावून सांगितलं. पूर्ण, अर्थासकट. मॅडम शांतपणे ऐकत होत्या, फक्त ओठ दातांखाली दाबून धरला होता. बाकावरून ह्यांचा खोकल्यासारखा आवाज आला. खोकला नव्हता.

"मावशी, माझ्याकडं लोकांचे ट्रे कुत्र्यानं खाल्ले, एकाचा ऊस खाताना चोथ्यासोबत गेला. कुलपात ठेवलेला पहिलाच. दात परत फिरलेत. आता पहिला ट्रे पुन्हा घाला, दोन आठवडे. मग दुसरा. आणि ज्यांनी शील दिलं त्यांनाच विचारा, हे नटणं हाय का. माझं ऐकणार न्हाई तुमी."

पैसे विचारले तर म्हणाल्या, जुनाच ट्रे आहे, त्याचे कसले? फोनवरच्या कंपनीचा असता तर कोणाला सांगितलं असतं हे? ॲपवर डब्याचा फोटो टाकला असता बहुतेक.

२८ सप्टेंबर

ज्यांनी शील दिलं त्या विहारातल्या भंतेजींना विचारलं. बायका गेल्यावर, एकटीनं. "वंदामि भंते. दात सरळ करायचं प्लॅस्टिक हे मंडन-विभूषण होतं का?"

भंतेजी सत्तरीचे आहेत, समोरचे दात नाहीत. म्हणाले, "शिबिरात चष्मा काढला होता का?"

"न्हाई."

"काहून?"

"दिसत न्हाई ना त्याच्याशिवाय."

"मग दात कशासाठी करून राहिले?"

मी म्हणाले, हिरड्यांसाठी. घाण अडकते, ब्रश पोचत नाही, मॅडमनी एक्स-रे काढला... भंतेजी नुसते पाहत होते. मी बोलायची थांबले. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "आन् चांगलं दिसायला पण, भंते. जास्त तेच."

ट्रे घातलेला होता, तरी शब्द अगदी स्वच्छ आला.

भंतेजी हसले. त्यांच्या हसण्यात दोन दाढा तेवढ्या दिसतात. "चौथं शील वाचलं तुमचं. सातव्याचं तुमी पाहा. पण तोंडात ठेवूनच पाहा, बाई. मला दाताचं विचारता, माझ्यापाशी तर उदाहरणाला पण न्हाईत."

रस्ताभर स्वतःशी हसत आले. वेडी म्हणून बायका बघत होत्या. पदर घ्यायचं राहून गेलं, ते दारात आल्यावर कळलं.

४ ऑक्टोबर

शालूबाई दुपारी आल्या. मी वाचत होते. आल्या आणि खाली बसल्या, म्हणाल्या, "वाच तू, थांबू नको." मी म्हणाले, चुका काढायला आल्या का?

"चुका काढायला दिसायला पाहिजे गं मला. दोन वर्षं झाली अक्षर दिसत न्हाई. मोतीबिंदू. दरवर्षी तेच वाचायचं, निम्मं पाठ हाय म्हणून रेटून राहिले."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"कोणाला सांगू? तुला विचारलं की तुझा गुडघा दुखतो."

ते पुस्तक नाकाला लावणं, गाळलेल्या ओळी, सगळं माझ्या डोळ्यापुढून गेलं. मी त्याचं पुण्य मोजत होते.

"रोज दुपारी भिंतीला कान लावून ऐकते," त्या म्हणाल्या. "तेवढंच संध्याकाळी ध्यानात राहते. समाप्तीला मोठी सभा हाय, सेनगाव, वसमतची माणसं येणार. तू वाच. माझी अब्रू राख."

आत्याबाई खाटेवरून: "वाचते ती. गुडघा बरा झाला तिचा."

मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

हट्ट्याला, माझ्या माहेरी, हे पाहायला आले होते तेव्हा माय कानात म्हणाली होती, तोंड उघडू नको, विचारलं तर मान हलव. मी मान हलवली. पाहुणे गावात सांगत गेले, पोरगी लई शांत हाय. तेव्हापासून मी शांत आहे. वर्गात मी कविता म्हणायचे तेव्हा मागच्या बाकावरच्या पोरी लिहायच्या थांबायच्या, हे इथं कळमनुरीत कोणालाच ठाऊक नाही.

७ ऑक्टोबर, आश्विन पौर्णिमा

वर्षावास समाप्ती. विहार भरला होता, पायऱ्यांवर माणसं. पांढरी साडी, बांगड्या काढलेल्या. ट्रे तोंडात.

ग्रंथ जाड आहे, तो दोन्ही हातांनी धरावा लागतो. हे मला घरी कधी जाणवलं नाही, घरी मी तो उशीवर ठेवून वाचते. समोर ठेवायचा पाट कोणीतरी फुलांसाठी घेतला होता. दोन्ही हात पुस्तकाला, आणि पदर खांद्यावर. समोर एवढी माणसं. पहिल्याच ओळीत "स" होता. तो "श" आला.

पुढच्या रांगेत दोन लहान पोरी खुदकन हसल्या. मी तिथंच थांबले. तेवढ्यात आत्याबाई, त्यांना ऐकू कमी येतं म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलतात, म्हणाल्या, "काढून ठेव ती कवळी आन् वाच!"

सगळा विहार हसला. भंतेजीही. आणि मीही हसले. हात रिकामा नव्हता. सुळ्यासकट, सगळ्यांसमोर, ट्यूबलाइटच्या उजेडात.

"न्हाई आत्याबाई," मी म्हणाले, "बावीस तास सांगितलेत." आणि ओळ पहिल्यापासून वाचली. ह्या वेळी "स" आला. मग मी वाचत गेले. किती वेळ, कळलं नाही. शालूबाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. एका ठिकाणी त्या माझ्या पुढं गेल्या.

दाराशी, चपला काढायच्या जागी, हे उभे होते. हे विहारात फक्त जयंतीला येतात.

कोणीतरी फोनवर फोटो काढला आणि रीताला पाठवला. तिचा एवढाच निरोप आला: "मम्मी, दात!!" ही तक्रार आहे की कौतुक, विचारायचं राहिलं.

८ ऑक्टोबर

सकाळी चहा पिताना हे म्हणाले, "तुझा आवाज असा हाय, हे मला ठाऊक नव्हतं."

"सव्वीस वर्षांत विचारलं न्हाई तुमी."

"तू शांत हाईस म्हणून सांगितलं होतं सोबतच्या पाहुण्यांनी."

"जनावराचं तोंड उघडून पाहून घेता. माझंच तेवढं न पाहता घेतलं."

"पाहिलं होतं की," हे म्हणाले. "हट्ट्याला, पाहायला आलो तेव्हा. तू शेंगदाणे देताना शिंकली होतीस."

मला वाटीतले कणसाचे दाणे आठवले. ह्यांनी पिशवीतून पेरू काढला आणि नेहमीप्रमाणे सुरी शोधायला लागले. रोज चकत्या, रोज चकत्या. मी म्हणाले, द्या इकडं. ट्रे काढला, डबीत ठेवला, डबी खिडकीत, सगळ्यांना दिसेल अशी. आणि पेरू तसाच हातात धरून पुढच्या दातांनी चावला.

तुकडा तुटला. वाकडा, पण तुटला. बी मात्र जुन्या जागीच अडकली, समोरच्या दोघींच्या मधे. हे माझ्याकडं पाहत होते, सुरी हातात तशीच.

"सोळा-सतरा ट्रे बाकी हायेत अजून," मी म्हणाले. "तोवर बघू नका असं."

हे बघतच होते. मग सुरी ठेवून त्यांनी काडेपेटीतली एक काडी काढली, तिला टोक केलं आणि माझ्यापुढं धरली.